डावी, उजवी, जोडी

माझी मोठी आत्या रस्त्यात कुणालाही आपणहून ओळख दाखवत नाही. कालच दुकानात तासभर बसून गेलेली बाई समोरून आली, तरी आत्या तिच्या डोक्यावरून पलीकडच्या भिंतीकडे बघत सरळ निघून जाते. त्या बाईनं हात केला, हसली, तर मात्र आत्या थांबते आणि इतक्या गप्पा मारते की सोबत असलेल्या माणसाच्या पायाला गोळे यावेत. पण पहिलं पाऊल तिचं नसतं. ज्यांना कारण माहीत नाही ते म्हणतात, बाई फार शिष्ट आहे. माझे वडील तिचे सख्खे भाऊ. त्यांना कारण माहीत आहे, पण त्यावर बोलावं लागू नये म्हणून तेही शिष्टपणावरच भागवतात.

कारण तिच्या दुकानाच्या मागच्या खोलीत आहे. पुढे पाटी आहे 'बदल व दुरुस्ती'. पँटची उंची कमी करणे, चेन बदलणे, उसवलेलं शिवणे, ही पुढची कामं. मागच्या खोलीत एक उंच आरसा, एक खुर्ची, दाराला आतून कडी आणि फळीवर बरण्या. बरण्यांत कापूस आणि बारीक काचेचे मणी. शेजारी स्वयंपाकघरातला असतो तसा छोटा वजनकाटा. ऑपरेशनमध्ये ज्या बायकांचा स्तन काढून टाकलेला असतो, त्यांच्यासाठी कपड्याच्या आत बसवायचा मऊ, कृत्रिम स्तन आत्या तिथे शिवते. हे वाक्य मी एका दमात लिहून टाकलं, कारण आमच्या घरात ते आजवर कुणी पूर्ण केलेलं नाही. वडील तर 'आत्याचं ते मागचं काम' याच्या पुढे गेलेले नाहीत.

सुरुवात एका मुख्याध्यापिकेपासून झाली. ती कपडे ढगळ करून घ्यायला आली होती. आत्यानं विचारलं, अंगाला नीट बसतायत की, ढगळ कशाला? तेव्हा बाईनं दार लावून घेतलं आणि आत कोंबलेला पायमोजा बाहेर काढून टेबलावर ठेवला. शाळेत मुलांसमोर तो सरकून पोटाशी आला होता. आत्या म्हणाली, "मोजा पायात घालायचा असतो, बाई. बसा तुम्ही." आणि कामाला लागली. पहिला नुसता कापसाचा केला. तो दिसायला बरा होता, पण बाईचा खांदा एका बाजूला वर चढलेलाच राहिला. वजन नाही म्हणून शरीर तोल शोधत राहतं, हे आत्याच्या लक्षात आलं, आणि तेव्हापासून मणी आले, काटा आला. खांदा सरळ झाल्यावर मुख्याध्यापिका आरशासमोर जी रडली, ती आत्याला अजून आठवते.

त्या वस्तूला आत्याच्या दुकानात नाव नाही. बायका येऊन सांगतात, "एक डावी हवी." किंवा "उजवी." पुढे पँट आखूड करायला बसलेल्या माणसाला वाटतं, कसली तरी बाही असेल. प्रत्येक पुडक्यात आत्या एक चिठ्ठी घालते: 'रस्त्यात भेटलात तर मी ओळख दाखवणार नाही. तुम्ही दाखवलीत तर मला आनंद आहे.' तिच्या बायकांची गोष्ट ती जिवापाड जपते. स्वतःचं काम मात्र तिनं कधी लपवलं नाही. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि तो माझ्या धाकट्या आत्याला कधी कळला नाही.

धाकटीच्या नव्या घरी आम्ही सगळे जेवायला जमलो होतो. धाकटीच्या सासूबाईंनी सहज विचारलं, "थोरल्या काय करतात?" धाकटी घाईघाईनं म्हणाली, "कपडे शिवते," आणि त्यांच्या ताटात वाढायला लागली. मोठीनं तो विषय सुटू दिला नाही. मागची खोली, मणी, काटा, सगळं तिनं जेवणाच्या टेबलावर सांगितलं. माझ्या वडिलांना पाण्याचा ठसका लागला. सासूबाईंनी चमचा खाली ठेवला.

मग स्वयंपाकघरात जे झालं ते मी भांडी पुसत असताना ऐकलं. धाकटी म्हणाली, "चार माणसांत माझी अब्रू काढलीस. लोकांच्या कापलेल्या शरीरावर दुकान थाटलंयस, आणि वर मिरवतेस!"

मोठीचा राग नाकावर. ती म्हणाली, "गरज पडली की तूही येशील माझ्या दारात. तेव्हा बघू तुझी अब्रू."

माझ्या हातातलं ताट सुटलं.  मोठी स्वतःसुद्धा दचकली असावी, पण मागे घेईल तर ती मोठी आत्या कसली! त्या दिवसापासून दोघींचा अबोला. एक या गावात, एक तिकडे. माझे वडील मधे पडायचे, दोन्हीकडून बोलणी खायचे आणि शेवटी त्यांनीही नाद सोडला.

आता माझं. मी वेबसाइटी बांधते. पोटापाण्यासाठी दुसऱ्यांच्या, आणि पुण्य म्हणून आत्याची. आत्याची बांधली तेव्हा मी फार शहाणपणा केला. तो शब्द लिहायला माझंच बोट धजेना, म्हणून मी नुसतं 'डावी' आणि 'उजवी' असं लिहिलं, खाली मापं आणि वजनं, चित्र नाही. ज्यांना माहीत आहे त्या बरोबर येतील, म्हटलं. आल्याही. माल घरी पोचला की पैसे, अशी सोय होती. त्यात एक गिऱ्हाईक होतं, आम्ही त्यांना 'औषधवाल्या बाई' म्हणायचो. त्यांचं पुडकं दुसऱ्या गावातल्या एका औषधाच्या दुकानात जायचं, पैसेही तोच दुकानदार द्यायचा. त्यांची नेहमी एक उजवी. कापड जुनं झालं की नवी. मागणीसोबतच्या चौकटीत एकदा त्यांनी लिहिलं होतं, 'खांदा आता दुखत नाही. तुमचा हात हलका आहे.' आत्यानं मला उलट लिहायला लावलं, 'तुम्ही रात्री काढून ठेवत जा, कातडीला वारा लागू द्या.' आत्याला या बाईचं फार कौतुक. म्हणायची, गिऱ्हाईक असावं तर असं, मोजकं बोलणारं.

ऑनलाइन पेमेंटचं खूळ बायकांनीच काढलं. एकीनं कळवलं, 'पैसे आधी भरायची सोय करा. दारात मी पैसे काढून देईपर्यंत सासरे येऊन विचारतात, काय मागवलंस?' आत्याला हे पटलं. पैसे आधी मिळाले की पुडकं गुपचूप हातात पडेल. तिनं मला एकच विचारलं, "पैसे भरले की त्यांच्या फोनवर काय उमटतं?" मी म्हटलं, दुकानाचं नाव, आपण देऊ ते. ती म्हणाली, "मग 'बदल व दुरुस्ती' दे. नवऱ्यानं वाचलं तरी त्याला पँटच आठवेल."

पेमेंटच्या कंपनीकडे अर्ज केला, आणि धक्के सुरू झाले. पहिला नकार आला: आपण काय विकता ते स्पष्ट होत नाही. मी डोळे घट्ट मिटून अर्जात स्पष्ट लिहिलं. दुसरा नकार आला: आपला व्यवसाय 'प्रौढांसाठीच्या वस्तू' या यादीत मोडतो, अशा व्यवसायांना आम्ही सेवा देत नाही.  ती यादी काय असते हे मला माहीत होतं. आत्याला नव्हतं.

"प्रौढांसाठीच आहेत की," ती म्हणाली. "लहान मुलींना कशाला लागतील?"

मग मी तिला समजावून सांगितलं की त्या यादीत अश्लील खेळणी आणि तसल्याच वस्तू असतात. तिचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग असा लाल झाला की मी पाण्याचा पेला पुढे केला. नशीब, त्याच सुमारास कंपनीतून पडताळणीचा फोन आला. बोलणारा तरुण होता, आवाजात झोप होती. त्यानं विचारलं, "मॅडम, वेबसाइटवर नुसतं डावी-उजवी आहे, म्हणजे चपला का? मग सुटी एकेक कशी विकता?"

आत्यानं माझ्या हातातून फोन काढून घेतला. "नीट ऐका, दादा," म्हणाली, आणि मुख्याध्यापिकेच्या पायमोज्यापासून सगळं सांगितलं. तो शब्द तिनं इतक्या सरळ उच्चारला की पुढच्या खोलीतला पँटवाला उठून निघून गेला.  मग तो पडताळणीवाला जागा झाल्यासारखा म्हणाला, "हे वैद्यकीय साहित्यात घालतो, मॅडम. तुम्ही वेबसाइटवर शब्द तेवढा लिहा. नाही लिहिला तर यंत्राला कळत नाही." मग मी तो शब्द लिहिला. लिहिल्यावर आभाळ काही कोसळलं नाही.

किमती चढवताना मात्र माझ्या हातून जे झालं, त्याची अजून लाज वाटते. डावी, उजवी असे दोन पर्याय होते. तिसरा मी 'जोडी' केला. आणि सगळीकडे करते तसंच, हात सवयीनं चालला आणि खाली लिहून गेले, 'जोडी घेतल्यास सवलत'.

आत्या चष्मा लावून पडद्यावरचं एकेक अक्षर वाचत होती. तिथे तिचं बोट थांबलं.

"हे काय लिहिलंस?"

"अगं, दोन घेतल्या की थोडं कमी..."

"जोडी म्हणजे काय, कळतंय का तुला?"

कळलं.  मी ती ओळ पुसली. जोडीचा पर्यायही काढायला निघाले, तर तिनं अडवलं. "राहू दे. लागते कुणाकुणाला. कुणाला लागू नये एवढंच म्हण."

सोय चालू झाली. पहिले पैसे आले ती टळटळीत दुपार होती. आत्या पुढे बसून एका पँटची दुमड हातानं शिवत होती. माझ्या लॅपटॉपवर टिंग वाजलं, आणि मी लहान मुलीसारखी ओरडले, "आले! आत्या, पहिले पैसे आले!"

"कोण गं?"

"औषधवाल्या बाई! तोच पत्ता. बघ, त्यांनीच भवानी केली." मी खाली सरकले. "आणि काय घेतलंय... जोडी."

आत्याची सुई थांबली. "जोडी? नीट वाच. त्यांची उजवी असते."

मी नीट वाचलं. जोडीच होती. आत्यानं पँट मांडीवरून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे डावीपण गेली बिचारीची." न पाहिलेल्या बाईसाठी तिचे डोळे भरून आले होते.

मी मान खाली घालून पडद्याकडे बघितलं. रोख पैसे यायचे तेव्हा आम्हाला नुसता दुकानाचा पत्ता दिसायचा. आता मागणीच्या खाली एक नवी ओळ आली होती. कार्डावरचं नाव. ही ओळ येणार, हे बांधणारी असून मला सुचलं नव्हतं. मी ते नाव वाचलं. आधी आडनाव ओळखीचं वाटलं, आणि मग पहिलं नाव. ते नाव जगात दुसऱ्या कुणाचं असणं शक्य नव्हतं. आजोबांनी ते स्वतः घडवलं होतं, अर्धं आजीच्या नावातलं आणि अर्धं स्वतःच्या लाडक्या घोडीच्या. आमच्या घरात त्यावरून अजून चेष्टा चालते.

"काय झालं?" आत्या म्हणाली. "पैसे कापले का त्यांनी?"

 मी लॅपटॉप तिच्याकडे फिरवला.

तिनं वाचलं. चष्मा काढला, पदर नव्हता म्हणून बाहीला पुसला, पुन्हा लावला, पुन्हा वाचलं. म्हणाली, "हे यंत्र चुकलंय." मी त्या ओळीवर बोट ठेवलं. "चुकलंय म्हण ना गं!" ती माझ्यावर ओरडली. मी नाही म्हणून मान हलवली. आणि मग जी आत्या मी जन्मात कधी पाहिली नव्हती, ती पाहिली. तिनं स्वतःच्या तोंडावर हात मारून घेतला. एकदा नाही.

"काळ्या जिभेची आहे मी. माझ्या दारात येशील म्हटलं होतं मी तिला. मीच म्हटलं होतं."

मी तिचे हात धरले. म्हटलं, "आत्या, ही बोलाफुलाला गाठ पडली. बोलण्यानं कुणाला आजार होत नाही." खरंच होत नाही. पण त्या क्षणी ते वाक्य मलाच इतकं पोकळ वाटलं की मी पुढचं गिळून टाकलं. माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. 'तुमचा हात हलका आहे.' तुमचा! सख्ख्या बहिणी, एका ताटात जेवलेल्या, आणि एकमेकींना अहो-जाहो करत होत्या. एकीला ठाऊक होतं आणि एकीला नव्हतं. ती मोजकं बोलणारी बाई घरची होती.

"फोन कर तिला," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता."

"नाही."

"का नाही?"

"ती आपणहून सांगायला आलेली नाही. नाव तुझ्या यंत्रानं फोडलं."

"अगं, कार्ड तिचं, नाव तिनं घातलं!"

"आपल्याला ते दिसतं, हे तिला ठाऊक आहे कशावरून? तुला तरी होतं का?"

 आत्या म्हणाली, "मी एकीला जरी कळू दिलं की तुझं मला ठाऊक आहे, तर बाकीच्यांनी माझ्यावर विश्वास कशाला ठेवायचा? बहीण असली म्हणून काय झालं? माझ्या दारात ती गिऱ्हाईक म्हणून आलीय."

"नियम गेला खड्ड्यात!" मी म्हटलं. मला इतका राग आला होता की रडू येत होतं. दुसरी बाजू गेली याचा अर्थ न कळण्याइतकी मी लहान नव्हते. दुखणं परत आलं होतं. आणि या दोघी बसल्या होत्या आपापला ताठा धरून. वेळ संपला तर पुढे कुणाला ओळख दाखवणार होती ही?

"तुझ्या वडिलांनाही सांगायचं नाही," ती म्हणाली. "इथली गोष्ट इथेच." त्या संध्याकाळी मी वडिलांसमोर जेवायला बसले आणि घास तोंडात फिरत राहिला. ते म्हणाले, "बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "दात दुखतोय."

दुसऱ्या दिवशी आत्यानं मला एकच काम सांगितलं. "तिचे पैसे परत कर. घरच्यांकडून मी घेत नाही." परत करताना पडद्यावर कारण विचारतात. मी विचारलं, काय लिहू? तिनं चष्मा लावून ती रिकामी चौकट पाहिली. मग म्हणाली, "काही नको लिहूस." मी काही न लिहिता पैसे परत केले.

संध्याकाळच्या आत टिंग वाजलं. तेवढेच पैसे, तेच कार्ड, तीच जोडी. सूचनांची चौकट रिकामी.

"आले परत!"

"परत पाठव."

पाठवले. पुन्हा आले. पुन्हा पाठवले. मला हसावं की रडावं कळेना. वडील सांगतात, लहानपणी ताटातला शेवटचा घास या दोघी एकमेकींच्या ताटात ढकलत बसायच्या, तू खा, नाही तू खा, आणि शेवटी त्यावरूनच मारामारी व्हायची. तेच चाललं होतं, फक्त मधे पेमेंटची कंपनी होती आणि प्रत्येक घासाला ती आपला कट कापून घेत होती.

पैशांची ही फेकाफेक चालू असताना आत्या मागच्या खोलीत जोडी शिवायला बसली. आणि तिथे ती अडली. मी तिला कामात अडलेली पाहिलेली नव्हती. कापड बेतून ठेवलेलं, बरणी उघडी, काटा समोर, आणि हात मांडीवर.

"एक गेलेली असते तेव्हा दुसरीशी जुळवायची असते," ती म्हणाली. "दोन्ही गेल्यावर जुळवायचं कशाशी? अशा वेळी बाईलाच विचारावं लागतं, तुम्ही कशा होतात, आता कसं दिसायचंय. कुणी म्हणते पहिल्यासारखं. कुणी म्हणते, आता हलकं करा, ओझं पुरे झालं. विचारल्याशिवाय नाही शिवता येत."

"मग?"

"हिचा पहिला मोठ्या मापाचा कपडा मीच शिवला होता. लाजून खांदे आत ओढून उभी होती. मी म्हटलं, सरळ उभी राहा, तुला काय चोरायचंय?" एवढं बोलून तिनं मला बाहेर काढलं आणि आतून कडी लावून घेतली. आत ती रडत असणार. मी बाहेर पँटवाल्यांना सांगत बसले की आज दुरुस्ती बंद आहे.

पुढच्या वेळी पैसे परत करायला गेले तर पडद्यावर लाल पट्टी आली: संशयास्पद व्यवहार, खातं तात्पुरतं थांबवलं आहे.  म्हणजे बाकी सगळ्या बायकांच्या मागण्याही अडकल्या. थोड्याच वेळात फोन वाजला. तोच पडताळणीवाला, आता पूर्ण जागा. मी फोन मोठ्या आवाजावर टाकून टेबलावर ठेवला. आत्या मागच्या दारात येऊन उभी राहिली, गळ्यात मापाची टेप तशीच.

"मॅडम, एकाच कार्डावरून तेच पैसे पुन्हा पुन्हा येतायत आणि तुम्ही कारण न देता परत करताय. चोरीचं कार्ड असलं की असंच होतं. आम्हाला विचारावं लागतं." तो थांबला. कागद चाळल्याचा आवाज आला. "तुम्ही या ग्राहकाला ओळखता का?"

मी आत्याकडे बघितलं. आयुष्यभर या एका प्रश्नाला तिचं एकच उत्तर होतं. रस्त्यात, दवाखान्यात, बायकांच्या नवऱ्यांना, सासूंना, सगळ्यांना. नाही, मी नाही ओळखत. तिचे ओठ हलले, पण आवाज आला नाही.

"मॅडम? नाही म्हणालात तर कार्ड बंद होईल. बँकेनं त्यांनाही फोन केला होता."

"काय म्हणाल्या त्या?" मीच विचारलं.

"इथे लिहिलंय तसं वाचतो. 'दुकानाच्या बाईंना विचारा. त्या ओळख देत असतील, तर माझी हरकत नाही.'"

 आत्याची ती चिठ्ठी धाकटीकडेही गेलेली होती, प्रत्येक पुडक्यातून. तुम्ही दाखवलीत तर मला आनंद आहे. धाकटीनं आपल्या परीनं हात केला होता, कार्डावर नाव घालून, आणि समोरची भिंतीकडे बघत चालली होती. म्हणून तिनं पुन्हा केला होता, आणि पुन्हा.

आत्यानं टेबलाचा कोपरा धरला. "ओळखते," ती म्हणाली. "ती माझ्या पाठची."

"पाठची म्हणजे?"

"पाठची बहीण हो, दादा! माझी सख्खी बहीण आहे ती."

"असं होय," तो म्हणाला. "मग तसं लिहितो आणि खातं सुरू करतो. पैसे ठेवताय ना आता?"

"ठेवते. आणि तिला एवढं सांगा..."

"मॅडम, आम्ही निरोप देत नाही."

फोन बंद झाला. आत्या माझ्याकडे वळली. "नंबर लाव." माझ्याकडे होता. वडिलांच्या वहीतून मी तो पहिल्याच संध्याकाळी उतरवून घेतला होता. घंटा वाजत राहिली. मग उचलल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता ही ठेवून देईल.

"अगं," आत्या म्हणाली.  "माप घ्यायचंय तुझं. तू येतेस, की मी येऊ?"

पलीकडे श्वास ऐकू येत होता, जड आणि थांबत थांबत. मग धाकटीचा आवाज आला. इतका बारीक झाला होता की मी फोनवर वाकले.

"तूच ये, ताई. लवकर ये."

आत्यानं मण्यांची बरणी पिशवीत घातली, काटा घातला, बेतलेलं कापड घातलं. टेप गळ्यातच होती आणि ती टेप शोधत सगळं दुकान धुंडाळत होती. मी ती तिच्या हातात दिली. ती रस्त्याला लागली, समोरून एक ओळखीची बाई आली, आणि आत्या आपणहून तिला म्हणाली, "बहिणीकडे चाललेय." दुकानाला कुलूप लावायचं ती विसरली होती. ते मी लावलं.